धैर्यपदक

शैक्षणिक वर्षाच्या अखेरच्या शनिवारी सकाळी, शाळेच्या सभागृहात, वार्षिक पारितोषिक समारंभाला थोडाच अवकाश असताना, समुपदेशक बाईंनी तबकातले एक पदक उचलले आणि पर्समध्ये टाकले. उरलेली पदके त्यांनी बोटाने अशी सरकवली की मधली फट बुजावी.

"बाई, हे काय?" मागून मुख्याध्यापकांनी विचारले. स्वरात राग नव्हता. चोरी पकडण्यापेक्षा चूक सुधारण्याची त्यांना अधिक हौस होती.

"सातवीतल्या त्या मुलीला आज मंचावर बोलावू नका, सर."

"कोण? आपलं घड्याळ?"

वर्गाने तिचे नाव घड्याळ ठेवले होते, कारण भिंतीवरच्या घड्याळावरून तिची नजर हलत नसे. शाळा सुटण्याची तिला घाई असते, असा सर्वांचा समज होता. घाई नव्हती, धसका होता, हे फक्त बाईंना ठाऊक होते. मधल्या सुट्टीत ती त्यांच्या खोलीत येई आणि खुर्चीच्या कडेवर बसे. बाबांचा आवाज चढला की धाकट्या भावाचे कान आपण कसे दाबून धरतो, आणि सकाळी आई शेजारणीला 'पाय घसरला' असे कसे सांगते, हे तिने थोडे थोडे करून सांगितले होते. उठताना मात्र दर वेळी एकच वाक्य असे : "बाई, बाबांना कळलं तर आईचं काही खरं नाही." बाईंनी आईला गाठले होते. पुढच्या आठवड्यात मामा येऊन तिघांना घेऊन जाणार होता. तोवर कुठे ब्र काढायचा नव्हता.

"तिच्या घरी कळता कामा नये," बाई म्हणाल्या.

"घरी कळू नये असं शाळेत काही असताच कामा नये." हे वाक्य मुख्याध्यापकांना स्वतःलाच आवडले असावे, ते मनात पुन्हा म्हणून पाहिल्यासारखी त्यांनी मान हलवली. "आणि पदकाची कल्पना कुणाची? तुमच्या खोलीत पोरं पाऊल टाकत नव्हती. तुम्हीच म्हणालात, मदत मागणं हे धैर्य आहे, त्याचा सत्कार करा, म्हणजे लाज मोडेल."

"म्हणाले होते."

"मग आता आपणच लाजायचं?"

"सर, तिचे वडील…"

दारात प्रमुख पाहुण्यांची गाडी थांबली. "आलेत वडील. पहिल्या रांगेत बसवलंय मी त्यांना," असे म्हणत मुख्याध्यापक लगबगीने निघून गेले. मुलीला दिलेला शब्द मोडून ते वाक्य पुरे करावे की नाही, हे बाईंचे ठरण्याच्या आत माईक खरखरला.

अहवाल लांबला. निकाल, विज्ञान प्रदर्शनातली ढाल, धावण्याच्या शर्यती, वाचनात मागे पडलेल्यांचा सकाळचा वर्ग. आणि शेवटी, शाळेचे भूषण म्हणून, विद्यार्थी-आधार उपक्रम.

"ज्यांनी मनातलं, घरातलं दुःख बाईंपाशी मोकळं केलं, त्या शूर मुलांचा आज आपण गौरव करतो आहोत!"

एकेक मूल खाली मान घालून आले आणि पदक घेऊन तशाच मानेने परतले. तबक रिकामे झाले. बाई खुर्चीला टेकल्या.

"एक राहिलं," मुख्याध्यापक हसून म्हणाले. "पदक कमी पडलं म्हणून काय झालं? आमची सर्वांत नियमित विद्यार्थिनी ती. वर्षभर बाईंकडे येण्यात तिनं खंड पडू दिला नाही!" आणि त्यांनी आपल्या कोटावरची शाळेची चांदीची पिन काढून हातात धरली.

मागच्या रांगांतून पोरे ओरडली, "घड्याळ! घड्याळ!"

सभागृहातले घड्याळ मंचाच्या वरच होते. ती चालत आली, पण प्रथमच तिने त्याच्याकडे पाहिले नाही. पहिल्या रांगेत वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते. इतरांच्या थांबल्या तरी त्यांच्या थोडा वेळ चालूच होत्या.

समारंभानंतर व्हरांड्यात त्यांनी बाईंना अदबीने नमस्कार केला. शर्टाची इस्त्री कडक होती.

"लेक एवढी बोलते, हे आम्हालाच माहीत नाही बघा. घरी तर मूग गिळून बसते." ते हसले. "तिची आईपण येणार होती. परवा पाय घसरून पडली. बाकी, एवढं काय सांगते हो तुम्हाला?"

"अभ्यासाचं," बाई म्हणाल्या.

"सर तर घरातलं म्हणाले." हसू तसेच होते. "असू दे. आज निवांत विचारू. तिच्या आईसमोरच."

ते स्कूटर काढायला गेले. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. बाई तिच्याजवळ वाकल्या.

"मामाला आत्ता फोन करते. मीही येते तुझ्या घरी, आत्ता, तुझ्याबरोबर…"

"मामा लांब राहतो," ती म्हणाली.

तिने छातीवरची पिन काढली, बाईंच्या हातावर ठेवली आणि त्यांची बोटे आपल्या हाताने मिटली. फाटकापाशी हॉर्न वाजला.

"तुम्ही चांगल्या आहात, बाई. पण तुम्हाला सांगायला नको होतं."