एंटर दाबेपर्यंत

ताईने तीस वर्षं वेधशाळेतल्या अवाढव्य संगणकावर हवामानाच्या नोंदी दुरुस्त केल्या होत्या. निवृत्तीनंतर तिने घरामागच्या तळ्यावरच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहायला घेतलं, आणि घरच्या संगणकाने तिच्या नाकी नऊ आणले.

"या माउसला धरू की लिहू?" ती धाकट्या भावाला म्हणाली. "आमच्या वेधशाळेतल्या एडिटरमध्ये, म्हणजे लिहायच्या प्रोग्राममध्ये, ओळीच्या डावीकडे आकडा असायचा. त्यावर 'डी' ठोकला की ओळ उडाली."

भावाचा सगळा जन्म प्रोग्राम लिहिण्यात गेलेला. "तुझा एडिटर मी नव्याने लिहून देतो," तो म्हणून गेला. पण त्याने तो कधी पाहिलाही नव्हता. हाताशी होती ताईकडची एक पिवळी पडलेली माहितीपुस्तिका, तीही अर्धी फाटकी.

"ओळी हलवायला काय दाबायचीस?"

"आठवत नाही रे. बोटांना ठाऊक."

मग ताईने डोळे मिटून जेवणाच्या टेबलावर टकटक केली, आणि कुठलं बोट कुठे पडतंय ते तो टिपत गेला.

तीन महिन्यांनी एडिटर तयार झाला. ताईने दोन ओळी लिहिल्या, एकीवर 'डी' ठोकला. ओळ तत्क्षणी नाहीशी झाली.

"हा आमचा नव्हे."

त्याचं तोंड एवढंसं झालं. "अगं, उलट हा जास्त चपळ आहे!"

"तेच तर! आमच्याकडे एंटर दाबेपर्यंत काही घडायचंच नाही. दहा ओळींवर 'डी' लिहायचे, सगळं परत वाचायचं, चार ओळींना जीवदान द्यायचं, मग एंटर. तेवढ्यात तर विचार व्हायचा."

तो कुरकुरत घरी गेला, आणि आठवडाभर खपून अर्धा एडिटर उसवून पुन्हा शिवला.

या खेपेला ताई बसली ती बसलीच. बोटं सरसर चालू लागली. मध्येच थांबायची, ओठ हलवत वाचायची, मग एंटर. शेजारी भाऊ आहे हेही ती विसरली.

"जमलाय का?" त्याने न राहवून विचारलं.

"गप्प बस जरा. खंड्याचा संसार मांडतेय."

तो मनातल्या मनात हसला. पुढे ताईने तो एडिटर वेधशाळेतल्या जुन्या मैत्रिणींनाही दिला. त्यातल्या एकीने एडिटरमधल्या चौदा चुकांची यादी पाठवली. भावाने ती दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि खुशीत पहिली चूक दुरुस्त करायला घेतली.