पाण्याखालून आलेला होकार

मित्रांनो, विहीर समजून तुम्ही माझ्यात दगड टाकता आणि आवाज ऐकून खूश होता. पण मी विहीर नाही. मी एक जुना उच्छ्वास आहे. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून पुण्याच्या हौदांत नेले, तेव्हा नळाला हवा मिळावी म्हणून बिबवेवाडीच्या बाजूला मला बांधले. उंटाला लाजवील अशी माझी मान, आणि माणूस आत उतरावा म्हणून तिच्या बुडाशी तोंड.

वर्षातून एकदा माझ्या पोटात माणूस उतरे आणि नळातला गाळ काढी. त्याच्या कमरेला दोर, वर दोर धरणारा साथीदार. खालून एक हिसका म्हणजे आणखी दोर सोड, दोन म्हणजे वर घे. आत बोललेले सगळे मी घोगरे करून टाकतो, म्हणून ही हिसक्यांची बोली.

धायरीचा हिंदुराव खाली उतरे आणि त्याचा मित्र मच्छिंद्र दोर धरी. सात वर्षे जोडी जमली. आठव्या वर्षी दोर वर आला तो मोकळाच. पुण्यातल्या हौदांवर लोक नऊ दिवस बसून राहिले. हिंदुराव कुठल्याच हौदात निघाला नाही. तो कुठे होता हे मला ठाऊक आहे, पण जेवणाच्या आधी सांगण्यासारखे नाही.

दोन वर्षांनी मच्छिंद्रने हिंदुरावाच्या बायकोला, बायडाबाईला, मागणी घालायचे ठरवले. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची रीत होती. लुगडे आणि हिरव्या बांगड्या घेऊन तो दारात उभा राहिला. सासू सोजरबाई जात्यावरून उठलीसुद्धा नाही.

"माझ्या लेकाचा दोर धरलास. आता सुनेचा हात धरतोस व्हय? धरलेलं तुझ्या हातात ऱ्हातं का रं?"

बायडाबाई उंबऱ्याशी आली. तिला तो आवडत नव्हता असे नाही. पण तिच्या मनात एकच काटा होता. त्या दिवशी दोर सुटला, की सोडला?

"मला इचारू नगंस," ती म्हणाली. "त्यालाच इचार. बांगड्या खाली सोड. तुझं काई चुकलं नसंल तर त्यो परत दील. न्हाईतर ऱ्हाऊ देत त्याच्यापाशी."

मागणी घालायच्या तऱ्हा मी पुष्कळ पाहिल्या, मित्रांनो. माझ्या आडोशाला कुणी केवडा ठेवून पळाला. एकाने पढवलेला पोपट पाठवला, तो मुलीच्या आईशीच लाडिक बोलून आला. पण मेलेल्या नवऱ्याकडे त्याच्याच बायकोची मागणी घालणारा हा पहिलाच.

भर दुपारी तिघे आली. रानात एक पाखरू बोलत नव्हते. मच्छिंद्रने बारा बांगड्या फडक्यात बांधल्या, दोराने खाली सोडल्या आणि माझ्या तोंडात वाकून बोलला.

"हिंदुराव, त्या दिशी तू एक हिसका दिलास, म्या दोर सोडला. फुडं तुझा हिसका आलाच न्हाई. सांजवर धरून बसलो व्हतो. आता बायडीला नांदवीन म्हंतो. तुझं काय म्हणणं हाय?"

नळात तेव्हा घोट्याइतके पाणी होते. आत जिवंत कुणी नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. तरी आतून गार वारा सुटला, ऐन उन्हाळ्यात माझ्या विटांना दव आले आणि दोर ताणला. एक हिसका.

मच्छिंद्रचा चेहरा पिठासारखा झाला. सवयीने त्याने हातभर दोर सोडला. मग बराच वेळ काहीच नाही.

"गेल्या," सोजरबाई म्हणाली.

बायडाबाईने पुढे होऊन दोर स्वतःच्या हातात घेतला. तिच्या तळहातात पाठोपाठ दोन हिसके बसले.

वर आलेले फडके सोजरबाईने सोडले. बांगड्या अकरा निघाल्या. तिने पुन्हा मोजल्या, फडके झटकले, आणि प्रथमच तिचा आवाज ओला झाला.

"एक ठिवली की गं त्यानं."

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. तेवढी त्याचीच," असे म्हणून बायडाबाईने आपले मोकळे मनगट मच्छिंद्रपुढे केले.

पाट लागला. ती दोघे होती तोवर दर उन्हाळ्यात येऊन मला चुना लावत. त्यांच्यामागे कुणी आले नाही. गाळ साचत गेला, शहर माझ्या अंगावर आले. आता माझ्यात कचऱ्याच्या पिशव्या पडतात. परवा दोघे जण माझे तोंड मोजून गेले. वर सिमेंटची लादी टाकणार म्हणे.

मित्रांनो, हवी तर माझी मान पाडा, पण तोंड बुजवू नका. आत अजून एक जण आहे. स्वभावाने गरीब आहे, पण कधी वर यावेसे वाटले तर त्याला माझीच वाट माहीत आहे. ती बंद केलीत, तर तो पाण्याबरोबर निघेल. आणि पाणी हल्ली थेट तुमच्या मोरीत येते.