उगमबाईंची चमकी

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” हितेशशेठनं चमकीच्या खड्यावर मशीनचं टोक टेकवलं आणि मशीन वाजलं. “अस्सल हिरा! आईनं शब्द दिला होता, चिमाबाई. तिची चमकी आता तुमची.”

उगमबाईंच्या दुखवट्याला आलेले, दुकानात जमलेले पाहुणे माना डोलवायला लागले. एकानं तर डोळे पुसले. मागे माझ्या पाटावर बसून मी हे सगळं बघत होतो आणि मला शिसारी येत होती. त्याची येत होती, तशी माझीही.

जुन्नरच्या या दुकानात मी सव्वीस वर्षं खडे बसवतोय. दलीचंदशेठ असेपर्यंत खोट्याला खरं म्हणायची वेळ आली नाही. ते गेले आणि दुकान हितेशच्या हाती आलं. गेल्या दिवाळीत, २००४ साली, त्यानं अंथरुणाला खिळलेल्या आईच्या नाकातली चमकी पॉलिशच्या नावाखाली काढून आणली. “हिरा काढ, हा मॉइसनाइट बसव. आईला कुठं दिसतंय?” मी बसवला. पोटासाठी करावं लागतं म्हणालो आणि मोकळा झालो.

मॉइसनाइट वाईट नाही. काच नव्हे, कारखान्यात घडवलेला टणक खडा आहे; त्याच्या नावानं विकला तर कुणाचं काही म्हणणं नाही. पण आमचं मशीन खड्यातून उष्णता किती झटकन जाते एवढंच बघतं, म्हणून त्यालाही हिराच म्हणतं. भिंगातून तिरपं पाहिलं की मात्र त्याच्या मागच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्याच्या एकेरी. म्हणून तर भिंग कपाटात आणि मशीन टेबलावर. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे!

हितेश पाहुण्यांना सोडायला स्टँडवर गेला, तशी चिमाबाई माझ्याकडे आली. हितेशच्या आईचं, उगमबाईंचं हगणंमुतणं चार वर्षं हिनंच काढलं. घरच्यांना वास सोसत नव्हता.

“जानकूभाऊ, ह्यो खडा काढून द्या.”

“का हो?”

“रोज सकाळी बाईंचं तोंड मीच पुसायची. हिरा कसा पांढरा, शांत चमकायचा. दिवाळीपास्नं ह्यो लई रंग फेकतोय, जत्रंतल्या लायटीवानी.”

“मीच बसवलाय तो.”

“ठावं हाय. दुसरं कोन बसवनार?”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“काय सांगू बाईंना? पोटच्या पोरानं नाकातलं चोरलं म्हनून? सुखानं गेल्या त्या.”

“आता सांगू सगळ्यांना. मी येतो बरोबर.” हे बोलायला मला आठ महिने लागले होते.

“नगं. सोनं तरी बाईंचंच हाय न्हवं?”

“हो. सोनं तेच आहे.”

“मग तेवढं द्या.”

मी खडा काढला. खडा धरणारी नखं रिकामी झाली, ती टोचू नयेत म्हणून आत दाबली. भोक बुजू नये म्हणून नाकात घातलेली कडुनिंबाची काडी तिनं काढली, चमकी घातली आणि खडा मशीनशेजारी ठेवला.

पायरीवर तिला हितेश भेटला. ती थांबली. मान वर करून तिनं त्याला नाक नीट बघू दिलं, पदर सावरला आणि पेठेतून चालत निघून गेली.