चिंचेवरची बाळंतीण

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, रीळ घालावं लागणारा आणि थोडा हट्टी. जन्मलो कारखान्यात, पण जगायला लागलो ते मंड्याजवळच्या या गावात, शाळेत शिकवणाऱ्या जयक्कांच्या गळ्यात पडल्यावर.

शेजारच्या पुट्टतायम्मांच्या परसातली चिंच आमच्या गच्चीवर झुकलेली. दर हिवाळ्यात राखी बगळे तिच्यावर घरटी बांधतात. आमच्या गावात ती नुसती पाखरं नव्हेत, बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी. त्या असेपर्यंत चिंचा झोडायच्या नाहीत. त्यामुळे पुट्टतायम्मांच्या दारी चिंच, आणि सारात मात्र बाजारची!

एका वर्षी गच्चीलगतच्या घरट्यात तीन पिल्लं निघाली. डोक्यावर ताठ उभे केस, पोटं पुढे, आणि दिवसभर भुकेचा गलका. जयक्का त्यांच्यावर जीव टाकायच्या. चुलीवरची भाजी करपली तरी त्यांचा डोळा माझ्यावरून हलायचा नाही. पण मध्ये एक डहाळी यायची. फोटोत पानंच पानं.

"पिल्लांचे काढतेस की पाल्याचे?" त्यांचे यजमान महादेवण्णा चिडवायचे.

ते जयक्कांना झोंबलं. त्यांनी आकडीनं डहाळी ओढून तोडली. मग असे सुरेख फोटो टिपले मी, की माझा मीच फुशारलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरट्यावर ऊन रणरणलं. आई पंख पसरून, चोच वासून पिल्लांवर उभी राहिली. तिला तळ्यावर जाता येईना, आणि एकट्या बापाच्या मासळीनं तिघांचं भागेना. धाकट्यानं मान टाकली.

खालून पुट्टतायम्मा कडाडल्या, "अय्यो जया! बाळंतिणीचं छप्परच काढलंस की गं!"

"एक डहाळी तर होती, अम्मा..." जयक्कांना रडू फुटलं.

"तुला एक. तिला तेवढीच होती. आता रडतेस काय? झावळी आण!"

महादेवण्णांनी नारळाची हिरवी झावळी वर आणली. दोरी शोधायला वेळ कुणाला? जयक्कांनी माझा पट्टा काढला आणि झावळी घरट्यावरच्या फांदीला करकचून बांधली. आई घाबरून उडाली. पुट्टतायम्माही वर आल्या आणि सगळे जिन्यात दडून बसले. ती परत आली नाही तर? जयक्कांनी मला छातीशी घट्ट धरलं.

ती आली. मान तिरकी करून तिनं झावळी न्याहाळली, पिल्लांकडं पाहिलं, आणि सरळ तळ्याकडं गेली. परतली ती मासा घेऊन. धाकट्यानं मान वर केली तेव्हा पुट्टतायम्माही डोळे पुसत होत्या.

पुढं तिन्ही पिल्लं उडाली. माझ्या रिळात मात्र झावळीच झावळी.

मित्रांनो, आता मला रीळ मिळत नाही. मी कपाटात असतो, कधीतरी जयक्का धूळ पुसतात. माझं एवढंच मागणं आहे. हौसेनं फोटो काढा, पण कुणाच्या घराचं पानही हलवू नका.

आमच्या पडवीत त्या रिळातला शेवटचा फोटो लावलाय. त्यात नुसती झावळी दिसते. पाहुणे विचारतात, "यात पिल्लं कुठंयत?"

जयक्का सांगतात, "सावलीत आहेत."