माणूस उठेपर्यंत

मी एक शिट्टी बोलतेय. आता वाजत नाही, म्हणून बोलते.

माझ्याआधी या घरात एक नेम आला होता. घरधनी मोटारींच्या शर्यतीत मार्शल म्हणून जाऊ लागले, त्या पहिल्याच दिवशी वहिनींनी देवापुढे दिवा लावून सांगितलं, "हे घरी येईपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही. तू तेवढं यांना सुखरूप आण." मग शर्यतीच्या दिवशी घर खुणांवर चालायचं. घरधनी बूट घालता घालता म्हणायचे, "वर्षातून चार दिवस तरी घरात शांतता!" वहिनींचा धाकटा भाऊ त्यावर म्हणायचा, "भावोजी, शर्यती वाढवायला सांगा की." वहिनी डाव उगारून दोघांच्या मागे धावायच्या आणि हसू दाबत दारातून परत यायच्या.

हा भाऊही मार्शल. मला त्यानंच आणलं. दुकानात तो एकेक शिट्टी फुंकून बघत होता. दुकानदार वैतागला, "अहो, शिट्टी घेताय की चहा चाखताय?" भाऊ म्हणाला, "शिट्टी कसली, आमच्या भावोजींचा जीव विकत घेतोय, काका. नीट बघून घेतो." मी पितळेची, पोटात बुचाची एक गोळी. माझा आवाज त्याला पसंत पडला.

मार्शलचं काम जोडीनं चालतं. वाटेत गाडी आपटली की एकानं धावत जायचं, आतल्या माणसाला बाहेर काढायचं. तेव्हा त्याची पाठ येणाऱ्या गाड्यांकडे असते, कारण शर्यत थांबतेच असं नाही. म्हणून दुसऱ्यानं त्या गाड्यांकडे तोंड करून उभं राहायचं. एखादी वेडीवाकडी येताना दिसली, तर शिट्टी. शिट्टी ऐकली की हातातलं टाकायचं आणि भिंतीपलीकडे उडी. मागे वळून बघायचंसुद्धा नाही. धावायचे घरधनी, वाजवायचा भाऊ.

भिंतीच्या वर प्रेक्षकांचा सज्जा होता. तिथे लाल गाडीचे चाहते बसत. त्यांच्यात शेजारचे काका असायचे. त्यांच्या हातात नेहमी हवेचा भोंगा, म्हणून गल्लीत सगळे त्यांना भोंगेकाका म्हणत. माणूस मायाळू. वहिनींचा सिलिंडर उचलून आणणारे तेच. पण सज्ज्यात बसले की निराळेच व्हायचे. सगळेच व्हायचे. घरी मांजर आडवं आलं तरी गाडी थांबवणारी माणसं तिथं दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडायची. मला कळायचं नाही, यांचं प्रेम लालवर आहे की राग निळ्यावर.

निळ्या गाडीनं आधीच्या शर्यतीत लालला धक्का दिला होता. तो राग मनात धरूनच त्या दिवशी सज्जा भरला. आणि नेमकी निळी गाडी सज्ज्यासमोरच भिंतीवर आपटली.

घरधनी धावले. आतल्या चालकाचा पाय अडकला होता, ते वाकून तो सोडवत होते. गाडीतून तेल सांडून रस्ताभर पसरत होतं. आणि वर सज्जा नाचत होता. "आपटला! बरं झालं!" टाळ्या, हसणं, भोंगे. कुणी बाटल्या फेकल्या.

मागून एक गाडी तेलावर घसरली. भावानं मला ओठांत धरलं आणि फुंकलं. पुन्हा फुंकलं. घरधन्यांकडे धावत जाऊन फुंकलं. मी इतकी ओरडले की माझी गोळी आतच अडकली. घरधन्यांनी मान वर केली नाही. त्यांना ऐकू गेलंच नाही.

निळ्याचा चालक वाचला, घरधनी नाही.

घरधन्यांना घरी आणलं, तेव्हा वहिनींचं मौन चालूच होतं. ते सुटलं ते एका प्रश्नानं. भावाकडे बघून त्या म्हणाल्या, "तू वाजवली होतीस ना रे?"

"वाजवली, ताई."

सासूबाई म्हणाल्या, "वाजवली असती तर माझा लेक थांबला असता? लहानपणापासून एका हाकेत यायचा तो!"

वहिनी भावाच्या बाजूनं बोलल्या नाहीत, आणि त्याला तेच लागलं. त्यानं मला दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं आणि निघून गेला. मग बरेच दिवस तो आलाच नाही. मी खिळ्यावरून बघत होते. वहिनी रोज देवापुढे बसायच्या, पण मागायच्या काहीच नाहीत. मला ओरडून सांगायचं होतं, वाजले होते हो मी! पण गोळी अडकलेली.

एके दिवशी भोंगेकाका आले. बसा म्हटलं तरी बसेनात. फोन पुढे करून म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी चित्रण करत होतो. पुसून टाकणार होतो. हात होईना."

फोनमधून नुसता भोंगा आणि हसणं. सासूबाई म्हणाल्या, "बघ, शिट्टी आहे का कुठे?"

वहिनी म्हणाल्या, "काका, आवाज बंद करा."

आवाज गेला आणि मग दिसलं. कोपऱ्यात भाऊ धावतोय, हात तोंडाशी, गाल फुगलेले, मानेच्या शिरा तट्ट. आणि अगदी जवळ, काकांच्याच दुसऱ्या हातात भोंगा.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "फुंकतोय गं पोर... जीव काढून फुंकतोय."

काका रडू लागले. वहिनींनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "माझ्या भावाला घेऊन या. तुम्हीच जा."

भाऊ उंबऱ्यातच थांबला. वहिनींनी मला खिळ्यावरून काढलं, हातात धरलं. "चुकलं रे माझं. तेव्हाच बोलायला हवं होतं." तो लहान मुलासारखा रडला.

तो पुन्हा कामावर गेला, नवी शिट्टी घेऊन. मी वहिनींच्या गळ्यात. पुढच्या शर्यतीला त्या घरी बसल्या नाहीत, त्याच सज्ज्यात जाऊन बसल्या. शेजारी काका, रिकाम्या हातांनी. पुन्हा एक गाडी आपटली, पुन्हा सज्जा उसळला. काका उठून मागे वळले, "गप्प बसा रे! आत माणूस आहे!"

"काय काका, पार्टी बदलली वाटतं?"

"उठू दे त्याला. मग घाल शिव्या पोटभर."

आमच्या आसपासची चार डोकी गप्प झाली. बाकी सगळे ओरडतच होते. पण तेवढ्या फटीतून मला खालची शिट्टी ऐकू आली. बारीक, पण आली. वहिनींनी मला मुठीत घट्ट धरलं. त्यांचे ओठ मिटलेलेच होते.

आता माझी झिलई गेली आहे. मी कुणाच्या उपयोगाची नाही. तुमच्याकडे एवढंच मागते. तुमची गाडी लाल असो की निळी, जिंकलात तर खुशाल नाचा. पण समोर कुणी आपटला, तर वहिनींसारखा नेम धरा. माणूस उठेपर्यंत तोंडातून शब्द काढू नका. खाली कुणीतरी जीव काढून शिट्टी फुंकत असेल.