एकोणनव्वद किलोंचा सत्कार

पलूसचे निवृत्त सुभेदार लालासाहेब यांचं वजन नव्वद किलोंच्या आत आलं. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. आता तसं काही उरलेलं नाही.

झालं एवढंच, की सुभेदारांचा गुडघा जिना चढेना. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, नव्वदच्या आत या, मग गुडघा बदलू. सुभेदार रोज सकाळी काठी टेकत मैदानावर चालू लागले.

चालणारी माणसं बघून तिथं रसाची गाडी आली. रसानं तोंड गोड झालं म्हणून भडंग आलं. भडंगानं घसा सुकला म्हणून चहा, आणि चहा नुसता कसा प्यायचा म्हणून भजी. महिन्यात चौदा गाड्या झाल्या. चालायची जागा फक्त गिऱ्हाइकांच्या रांगेत उरली.

तरी सुभेदार श्वास रोखून भज्यांसमोरून जात राहिले आणि एकोणनव्वदवर आले.

हे हळदीचे व्यापारी सुकुमार यांना कळलं.

"सुभेदार, सत्कार करायचा. आपल्यात आजवर बारीक झालंय कोण?"

"आदी आपरेशन हू दे की."

"त्याचा येगळा करू."

सत्कार म्हटला की जेवण आलं, आणि सत्कारमूर्तीनं घास घेतल्याशिवाय पंगत हात लावत नाही. सुकुमार धर्मानं जैन, म्हणून त्यांची पंगत दिवस मावळायच्या आत उठायची. सुभेदारांनी घाईघाईत सहा जिलेब्या संपवल्या. दिवे लागल्यावर तरुण मंडळानं केलेल्या सत्काराची पंगत बसली. तिथंही पहिला घास त्यांचाच. घरी बायको मनुबाई ताट वाढून बसलेल्या.

"आवं, गावभर जेवताय, माज्याच पोळीनं काय घोडं मारलंय?"

सुभेदारांनी पोळीचाही मान राखला.

आठवड्यात सात सत्कार झाले. दवाखान्यात काटा सत्त्याण्णववर थांबला.

"ही शाल काढून उभे राहा," डॉक्टर म्हणाले.

शाल काढली. सत्त्याण्णवच. आपरेशन रद्द झालं.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी तहसील कार्यालयात अर्ज दिला:

"महोदय, मैदानातील गाड्यांमधून अर्जदार मावेल एवढी वाट सोडण्यात यावी. ते शक्य नसल्यास अर्जदाराचे सातही सत्कार पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात यावेत, आणि तसे दवाखान्यातील वजनकाट्यास लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती."