कोपर कोरा झाला तेव्हा

माणसाचं मरण कुठे दबा धरून बसलंय, हे कुणालाच कळत नाही. कुसगावच्या सुहासला मात्र कळलं होतं. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला. बाही दुमडली की दिसायचं.

तिथलं इसब लहानपणापासूनचं. इतकी वर्षं त्याने ते बिनधास्त खाजवलं. मग मोबाइलवर वाचलं, की जुनं, जोराचं इसब असलेल्यांना हृदयविकाराचा धोका थोडा जास्त असतो. 'थोडा' तेवढं वाचायचं राहिलं.

त्यात कान्ह्याहून शकुबाई आत्या आली. "वर हाय तवर भ्या न्हाई. मलम लावून दाबलंस की आत जातंय, काळजात. आमच्या मालकांचं अंग साफ झालं, आन चवथ्या दिशी गेलं." मालक ट्रकखाली गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अंग साफ होतं, हेही खरंच.

सुहासने मलम बंद केलं. रोज उठून कोपर बघायचा. लाल दिसला की जीव भांड्यात पडायचा.

गुरुवारी कोपर कोरा होता.

त्याने तो खिडकीशी नेऊन पाहिला. दुसरा पाहिला. गुडघ्यांमागे आरसा धरला. छातीत धडधडायला लागलं, तळवे गार पडले.

"सारिका, आत गेलं गं."

"काय?"

"इसब."

"मग बरंच झालं की!" बायको म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून स्कूटरची किल्ली शोधायला लागली.

वाटेत तो मागून म्हणाला, "तेजलच्याही हाताला आहे. पोरीला मलम लावू नकोस. माझ्यामागे एवढं ऐक."

"अहो, गप बसा."

लोणावळ्याच्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. नॉर्मल आला.

"इसब चालत हृदयात जात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बीपी तपासत राहा, तंबाखू सोडा आणि मलम लावा. मुलीलाही. काम काय करता?"

"हॉटेलच्या लाँड्रीत. चादरी, टॉवेल."

"हात पावडरच्या पाण्यात?"

"कोपरापर्यंत. म्हणजे, या आठवड्यात नाही. मशीन बंद पडलंय, धुणंच बंद आहे."

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोक त्याच्या कोऱ्या कोपरावर टेकवलं. "मग?"

संध्याकाळी त्याने तेजलला मलम लावलं. थेंबभरच, पण लावलं.

सोमवारी मशीन दुरुस्त झालं. बुधवारी कोपर पुन्हा लाल झाला. आत्याने देवापुढे साखर ठेवली.